दंडावरचा पट्टा

पहाटेचे पावणेतीन. पुण्याच्या मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागासमोर ट्रक लागलेत, पाऊस भुरभुरतोय, आणि मामा एका ट्रकच्या फाळक्याला पाठ देऊन वाकून उभे आहेत. वरची दोन पोरं आग्र्याच्या बटाट्याचं पोतं ओढत कडेला आणतात आणि त्यांच्या पाठीवर सोडतात. मामा हात मागे नेऊन पोत्याचे कान धरतात, श्वास छातीत कोंडून घेतात, गुडघ्यांतून उठतात आणि चालू लागतात. गाळा तीसेक पावलांवर. निम्म्या वाटेत त्यांच्या दंडावरून घुर्रर्र असा आवाज येतो.

"मामा, फोन आला!" फाळक्यावरचं पोरगं ओरडतं. सगळे हसतात.

मामांच्या डाव्या दंडावर, शर्टाच्या आत, रक्तदाबाचा पट्टा बांधलाय. त्याची नळी मानेमागून फिरून कमरेच्या पेटीत जाते. पेटी मुठीत मावेल एवढी. पावसामुळे ती दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलीय. दर अर्ध्या तासाला ती आपणहून पट्टा फुगवते, हळूहळू हवा सोडते आणि आकडा पोटात ठेवून देते. पट्टा फुगायला लागला की हात सैल सोडून जिथल्या तिथे थांबायचं, असं डॉक्टरांनी बजावलंय. पण पाठीवर पन्नास किलो घेऊन थांबायचं कुठे? मामा चालत राहतात. पेटी दोनदा किरकिरते, काही हाती लागत नाही म्हणून हवा सोडून देते. मामा थप्पीवर पोतं लावून परत येतात तोवर तिचा दुसरा प्रयत्न सुरू होतो. आता ते खांबाला टेकून हात लोंबता ठेवतात आणि शाळेतल्या ग्रुप फोटोला उभं राहावं तसे ताठ, समोर बघत उभे राहतात.

मी वहीत लिहितो: २:५२. बटाटा. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा घेतलं.

ही वही म्हणजे माझं आजचं काम. हे यंत्र लावलेल्या माणसाने चोवीस तासांची नोंद ठेवायची असते: झोपला कधी, उठला कधी, गोळी, चहा, जड काम, भांडण. मामांचे दोन्ही हात पोत्यात गुंतलेले, म्हणून नोंद माझ्याकडे. डॉक्टर माझी मावसबहीण आहे. "नाहीतरी रात्रभर जागाच असतोस," म्हणून तिने वही माझ्या हातात कोंबली. आकडे मात्र मला दिसत नाहीत. पडद्यावर फक्त घड्याळ आहे. आकडा दिसला की माणूस घाबरतो आणि पुढचा आकडा वाढतो, म्हणून तिने तो बंद करून ठेवलाय.

महापालिकेच्या दवाखान्यात मामांचं बीपी १३४/८४ येतं. गोळी चालू आहे, आकडा बरा आहे, कागदावर सगळं ठीक. तरी उठल्यावर डोकं जड असतं आणि लघवीतून थोडी प्रथिनं जातात. मूत्रपिंडाला कुठून तरी मार बसतोय. बहिणीला संशय आहे तो दवाखान्याच्या वेळेचा. मामा तिथे जातात ते सुट्टीच्या दिवशी, झोप काढून, बाकावर तासभर बसून. बाकीच्या वेळी काय चालतं ते कोणी बघितलेलंच नाही.

यंत्र लावताना तिची पहिली अडचण वेळेचीच होती. या यंत्रांत दिवस आणि रात्र आखून द्यावी लागते. बहुतेकांसाठी दिवस सकाळी सहाला सुरू होतो आणि रात्र दहाला. मामा रात्री साडेबाराला उठतात, दीडला यार्डात येतात, सकाळी नऊच्या सुमाराला मोकळे होतात, साडेदहा-पावणेअकराला झोपतात ते दोन-अडीचपर्यंत, आणि संध्याकाळी आठ वाजता पुन्हा एक डुलकी. तिने ती सगळी आखणी पुसून नव्याने केली.

कांद्याचा ट्रक मागे येतो. ड्रायव्हर गाणं लावतो. आता पोत्यांना वेग येतो. एक उतरलं की पुढचं तयार, ट्रकच्या आणि गाळ्याच्या मध्ये माणसांची साखळी. मी जवळ जाऊन मामांचा चेहरा बघतो. पोतं पाठीवर येताना कपाळावरची शीर टरारून फुगते, ओठ मिटतात, मान आत जाते. श्वास सुटतो तो दोन पावलं टाकल्यावर. रक्तदाबाच्या दृष्टीने सगळं घडतं ते त्या दोन पावलांत. स्नायू घट्ट आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात. वर श्वास कोंडला की छातीतला दाब थेट रक्तावर चढतो. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात १९८५ साली काही व्यायामपटूंच्या धमनीतच नळी घालून वजन उचलताना दाब मोजला होता. पायांनी वजन ढकलताना एकाचा दाब ४८०/३५० पर्यंत गेला. क्षणभरच, आणि वजन खाली ठेवल्यावर तितक्याच झटकन उतरलाही. दंडावरच्या पट्ट्याला असलं काही टिपता येत नाही. तो किरकिरतो आणि सोडून देतो. म्हणजे मामांचे खरे शिखराचे आकडे या चोवीस तासांत कुठेच उमटणार नाहीत. उमटतील ते दोन पोत्यांमधले.

"पूर्वी शंभर किलोचं पोतं असायचं," मामा चहाच्या टपरीवर सांगतात. "पाठीवर घेतलं की डोळ्यापुढं काजवं चमकायचं." आता पन्नास किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एका पुरुषाने वाहायच्या ओझ्याला ५५ किलोची मर्यादा सुचवली ती १९६७ साली. महाराष्ट्रात माथाडी कायदा आला १९६९ साली. आणि पोत्याचं वजन प्रत्यक्षात निम्म्यावर यायला बाबा आढावांच्या हमाल पंचायतीला वर्षानुवर्षं भांडावं लागलं. मला वाटतं, पुण्यातल्या रक्तदाबाचा इतिहास कोणी लिहिला तर त्यात गोळ्यांच्या आधी या पन्नास किलोंचा उल्लेख यायला हवा.

मामा चहा संपवून चंची काढतात. डाव्या तळव्यावर तंबाखू, नखाने चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, दोन थापट्या, आणि चिमूट ओठाआड. सगळं बोलता बोलता. मी वही उघडतो.

"ह्ये बी लिवणार?"

"लिहायलाच सांगितलंय."

"मग पान पुरणार न्हाई तुमाला."

खरंच पुरत नाही. निकोटीन अंगात गेलं की दाब काही मिनिटांतच वर सरकतो आणि बराच वेळ तिथे रेंगाळतो. मामांची चिमूट दर पाऊण तासाला. म्हणजे एकाचा अंमल उतरेपर्यंत दुसरी ओठाआड असते.

चार वाजतात. चार ते सहा हा वेळ यार्डाच्या बाहेर सगळ्या शहराचा गाढ झोपेचा. दिवसा जागणाऱ्या निरोगी माणसाचा दाब या झोपेत दहा ते वीस टक्क्यांनी उतरलेला असतो. १९८८ साली इऑन ओब्रायन या आयरिश डॉक्टरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशी उतरण असलेल्यांना 'डिपर' म्हटलं, नसलेल्यांना 'नॉन-डिपर', आणि या दुसऱ्या गटात पक्षाघात जास्त आढळतो असं दाखवलं. मग उजाडायच्या आधी शरीर आपणहून जुळवाजुळव सुरू करतं: कॉर्टिसॉल वाढू लागतं, रक्तवाहिन्या आवळतात, माणूस उठून उभा राहिला की आकडा चढतो. हृदयविकाराचे झटके सकाळी सहा ते दुपारी बारा या वेळात जास्त येतात, हे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९८५ सालीच मांडलंय. शहर अंथरुणात उतरणीवर असताना मामा फाळक्याखाली वाकलेले आहेत. पट्टा फुगतो. पोरांना आता त्याचं काही वाटेनासं झालंय. कोणी हसतही नाही.

साडेसहाला गाळ्याचे शेठ येतात. पायात पांढरे बूट, पँटला तळजाईचा लाल चिखल. रोज पहाटे टेकडी चढून मग इकडे यायचं, असा त्यांचा नेम आहे. मनगटावरचं घड्याळ ते माझ्यापुढे धरतात. दहा हजार एकशे काही.

"मामा, तुमची किती झाली?"

"मोजली न्हाईत, शेठ. तुमच्याच गाळ्यात टाकली समदी."

शेठ मनापासून हसतात. माणूस बरा आहे. या दहा हजारांच्या आकड्यामागे मूळ वैद्यकशास्त्र नव्हतं. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती, आणि तिथून हा आकडा जगभर पसरला. पण टेकडीचा शेठना फायदा झालाय हे खरं. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी अर्ध्यावर आणलीय. टेकडी चढताना त्यांचाही वरचा आकडा चांगलाच चढतो; खालचा मात्र जवळपास जागेवर राहतो, कारण मांड्या-पोटऱ्यांतल्या रक्तवाहिन्या उघडतात आणि रक्ताला वाट मिळते. मजा पुढे आहे. माणूस खाली येऊन बाकावर बसला तरी त्या वाहिन्या लगेच मिटत नाहीत. काम केलेल्या स्नायूंतून हिस्टामिन सुटतं (ॲलर्जीत अंगावर गांधी उठवणारं तेच), आणि ते वाहिन्यांना काही तास मोकळं ठेवतं. तेवढा वेळ दाब सकाळच्यापेक्षा खाली असतो. हे रोज, महिनोन्‌महिने घडत राहिलं तर रक्तदाब असलेल्या माणसाचा वरचा आकडा पाच-आठ अंकांनी उतरतो. एखाद्या गोळीएवढंच.

मग मामांचा का उतरत नाही? घाम त्यांचा जास्त, पावलं जास्त, वर्षं जास्त.

डेन्मार्कमधल्या अँड्रियास होल्टरमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरलाय. फावल्या वेळातली हालचाल हृदयाला सुखावते आणि पोटासाठीची हालचाल त्याला झिजवते, असं त्यांच्या पाहण्यांत दिसतं. २०१८ साली अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा अंगमेहनतीची कामं करणाऱ्या पुरुषांत लवकर मरणाचं प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त निघालं. यावर वाद आहे. अंगमेहनत करणारा गरीब असतो, तंबाखू खातो, कमी झोपतो. मग दोष पोत्याचा की पोत्यामागच्या आयुष्याचा? मला हा वाद जरा पुस्तकी वाटतो. फाळक्यापाशी उभं राहिलं की ते दोन वेगळे काढता येत नाहीत. शेठ तासभर चालतात, वेग त्यांचा, थांबणं त्यांचं, श्वास मोकळा, आणि नंतर खुर्चीत बसून नाश्ता. वाहिन्या उघड्या राहायला शरीराला तेवढी फुरसत मिळते. मामा सात तास उचलतात, वेग ट्रकचा, श्वास कोंडलेला, आणि पोतं खाली ठेवून वाहिन्या सैल व्हायच्या आत दुसरं पाठीवर. उतरणीचा फायदा पदरात पडायला आधी उतरावं लागतं.

नऊला हिशोब होतो. वाराईचे पैसे मोजले जातात, कोणी उचल मागतो, कोणी जुनी वजावट काढतो. एकाशी मामांची थोडी वाजते. मी लिहितो: ९:१०, बोलाचाली. मग 'कष्टाची भाकर'मध्ये जेवण. हमाल पंचायतीने १९७४ साली हे केंद्र सुरू केलं. ज्वारीची भाकरी, पिठलं, कांदा आणि ठेचा. मामा ठेच्यावर वरून मीठ मागतात. रात्रभर घाम गेलाय, जिभेला मीठ हवंच. पण अंगात साठलेलं जास्तीचं मीठ मूत्रपिंडांना झोपेच्या तासांतही दाब वर ठेवूनच बाहेर काढावं लागतं, आणि झोपेतली उतरण हरवायचं तेही एक कारण. मी ठेचाही लिहितो.

अप्पर इंदिरानगरात मामांची खोली आहे, वर पत्रा. पावणेअकराला ते भिंतीकडे तोंड करून आडवे होतात, डोळ्यांवर टॉवेल टाकतात. मी बाहेर उंबऱ्याशी मामींसोबत बसतो. त्या मेथी निवडतायत.

"झोप लागती का ओ त्यांना?" मी विचारतो.

"लागती की. मोडती बी."

साडेअकराला नळाला पाणी येतं. हंडे, कळश्या, बादल्या, बोळात पळापळ, शेजारणीचा आवाज. आतून घुर्रर्र. मामा कूस बदलतात. पलीकडच्या घरात मिक्सर सुरू होतो. पाऊस जोरात येतो आणि पत्र्यावर असा वाजतो की मामींचं बोलणंही मला ऐकू येत नाही. झोपेच्या वेळात पट्टा दर तासालाच फुगतो आणि दर वेळी टॉवेल थोडा हलतो. हे यंत्रही झोप मोडतं, हा त्याचा कायमचा दोष. पण इथे त्याचा नंबर बराच खाली लागेल.

दाब तसा आज्ञाधारक असतो. माणूस दिवसा झोपला तर तो दिवसा उतरतो. पाळी बदलली की काही दिवसांतच झोपेच्या मागोमाग जातो. पण मेंदूतलं मुख्य घड्याळ सूर्याचं ऐकतं, पाळीचं नाही. पेशी आपली वेळ कशी राखतात हे शोधणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ साली नोबेल मिळालं. त्या हिशोबाने मामांचं शरीर आत्ता भर दिवसात आहे: मेलाटोनिन नाहीसं, अंग तापलेलं, आणि त्यात चार तासांची झोप बसवायची. ती बसते, पण पातळ. दाब उतरतो, पण अर्ध्या वाटेवर थांबतो.

मामी मेथीच्या काड्या एका बाजूला सारतात. "रातीचं काम सोडा म्हनलं तर म्हनत्यात, दिवसा ट्रक येत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी बहिणीच्या दवाखान्यात पेटी संगणकाला जोडली जाते आणि पडद्यावर डोंगररांग उमटते. मामा खुर्चीच्या टोकावर बसलेत. ती माझी वही शेजारी ठेवते आणि बोट फिरवत जुळवत जाते: हा बटाटा, हा चहा, ही तुमची चिमूट, हे काय, भांडण का? मामा मान डोलवतात.

जागेपणीची सरासरी १४८/९२. १३५/८५ च्या आत असायला हवी. झोपेतली १४१/८८. ती १२०/७० च्या आत हवी. वरचा आकडा झोपेत पाच टक्केही उतरलेला नाही.

"म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही झोपता, मामा, पण रक्ताला सुट्टी मिळत नाही."

जपानमधल्या ओहासामा गावात १९८० च्या दशकापासून लोकांच्या दंडांना असे पट्टे बांधून मग वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. रात्रीची उतरण पाच टक्क्यांनी कमी, तर हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मरण्याचा धोका साधारण वीस टक्क्यांनी जास्त, असं तिथे दिसलं. दिवसभराचा आकडा ठीक असलेल्यांतसुद्धा. हे बहीण मला सांगते, हळू आवाजात. मामांना ती एवढंच सांगते की गोळी एक वाढवतेय, मीठ वरून घ्यायचं नाही, तंबाखू निम्मी करून दाखवा, आणि दुपारच्या झोपेला खिडकीला काळं कापड लावा, कानात कापसाचे बोळे घाला. पोतं उचलताना श्वास कोंडू नका, तोंडाने सोडत उठा, हेही ती उठून, वाकून करून दाखवते. मामा बघतात. त्यांना हे कधी कोणी सांगितलेलं नाही. ते बसल्या जागी एकदा फूऽऽ करून बघतात.

"ही नवी गोळी रोज सकाळी उठल्यावर," ती लिहिता लिहिता म्हणते.

"कुठल्या उठल्यावर? मी दोनदा उठतो."

पेन थांबतं. रक्तदाबाची गोळी रात्री घेतली तर जास्त उपयोगी, असं मधल्या काळात बरंच बोललं गेलं. मग ब्रिटनमध्ये २१,१०४ लोकांवर सरासरी पाचेक वर्षं चाचणी चालली आणि २०२२ साली तिचा निकाल आला: सकाळी घ्या की रात्री, झटके आणि पक्षाघात यांत फरक नाही. चुकवू नका, एवढंच महत्त्वाचं. बहीण थोडा विचार करते.

"भाकर खायला बसता ना, नऊनंतर? सुट्टीच्या दिवशीही तेव्हाच खाता?"

"तवाच."

"मग पहिला घास मोडायच्या आधी. रोज."

ती चिठ्ठीवर 'सकाळी' खोडते आणि 'भाकरीआधी' लिहिते. औषधाच्या दुकानात हे कोणाला कळेल असं मला वाटत नाही, पण चिठ्ठी मामांसाठी आहे.

"आणि शनिवारी यार्डाला सुट्टी असते ना? त्या दिवशी पुन्हा यंत्र लावू. पोतं नसताना आकडा कुठे जातो ते बघायचंय मला."

"शनवारी?" मामा कानशील खाजवतात. "शनवारी गावाला भातलावणी हाय, ताई."

"पुढच्या शनिवारी?"

"पुढच्या शनवारी भावाची लावणी. त्यानं आमच्यात केली की आमी त्याच्यात."

बहीण पडद्यावरच्या रांगेकडे एकवार बघते. "मग लावणीलाच बांधून जा. सुट्टीत तुम्ही हेच करता, तर हेच मोजू. फक्त पेटी भिजवू नका."

"न्हाई भिजत. पन वही कोन धरनार?" मामा विचारतात, आणि दोघंही माझ्या बुटांकडे बघतात.